दाढेचा ठणका थांबला, मग रूट कॅनॉल कशाला?

प्रश्न घाटंजी तालुक्यातला आहे. शेतकरी, वय ४२. खालच्या उजव्या दाढेत दोन महिने ठणका होता, रात्र-रात्र झोप नव्हती. गावातल्या डॉक्टरांनी कमरेत इंजेक्शन दिलं, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि ठणका बंद झाला. यवतमाळला दंतवैद्यांनी एक्स-रे काढून रूट कॅनॉल सांगितलं: चार खेपा आणि वरून कॅप. घरचे म्हणतात, "नस मारली का दाढ सडतेच, उपटून मोकळे व्हा." त्यांचं स्वतःचं म्हणणं, "आता दुखतच नाही, तर कायले जाऊ?" खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुन्याचं मिश्रण) रोजचा. मृग तोंडावर आहे. पेरणीआधी हे उरकावं की दिवाळीनंतर पाहावं, असंही विचारलं आहे.

दुखत का नाही, तिथूनच सुरुवात करू. दाताचं वरचं पांढरं कवच म्हणजे इनॅमल, त्याखाली पिवळसर डेंटिन आणि मधोमध एक पोकळी. आपण जिला नस म्हणतो ती या पोकळीत असते. खरं तर ती एकटी नस नसून मज्जातंतू, रक्तवाहिन्या आणि मऊ पेशी यांचा गाभा असतो, आणि मुळांच्या टोकांशी असलेल्या बारीक छिद्रांतून त्याला रक्त मिळतं. कीड खोल गेली की हा गाभा सुजतो. हाताला सूज आली तर कातडी ताणते. इथे चहूबाजूंनी कठीण भिंती, सुजेला जागाच नाही. दाब वाढतो आणि ठणका लागतो. आडवं झालं की डोक्याकडचं रक्त वाढतं, म्हणून रात्री जास्त. सुरुवातीला थंड पाणी लागतं आणि पाणी गिळून झाल्यावरही कळ रेंगाळते. पुढे गरम चहा सहन होत नाही, उलट थंड पाण्याची गुळणी तोंडात धरली की बरं वाटतं. रात्री उशाशी थंड पाण्याचा तांब्या घेऊन झोपावं लागत असेल तर नस शेवटच्या टप्प्यात आहे असं समजा. मग एक दिवस ठणका आपोआप थांबतो, कारण आतलं रक्त तुटून नस मेलेली असते. गोळ्या नेमक्या त्याच सुमारास चालू असतात, म्हणून श्रेय गोळ्यांना जातं.

अँटिबायोटिक रक्तातून पोचतं. मेलेल्या नसेत रक्तच जात नाही, तर औषध तिथवर जाणार कसं? मुळाबाहेर हाडात पसरलेली सूज त्याने उतरते, ताप उतरतो. दाढेच्या आतले जंतू मात्र जागेवर राहतात. चेहऱ्यावर सूज, ताप किंवा गळ्यात गाठ असेल तर अँटिबायोटिकला अर्थ आहे. नुसत्या ठणक्याला नाही. नुसत्या ठणक्यासाठी, पोटाचा, किडनीचा, दम्याचा त्रास नसेल, रक्त पातळ करणारं औषध चालू नसेल, गर्भारपण नसेल, तर मोठ्या माणसाने जेवणानंतर आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि सोबत पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी, दोन-तीन दिवस घ्यावं. ते बहुतेक अँटिबायोटिकपेक्षा जास्त काम करतं. पावसाळ्यानंतर डेंग्यूची साथ असताना अंगात ताप असेल तर आयबुप्रोफेन टाळा, फक्त पॅरासिटामॉल घ्या. आणि अ‍ॅस्पिरिनची गोळी चुरून दाढेवर दाबून ठेवायची पद्धत सोडा. हिरडी आणि गाल आतून पांढरे फटक भाजतात, दाढ आहे तशीच राहते.

मेलेली नस आत तशीच ठेवली तर काय होतं? काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षंही काहीच होत नाही. जंतूंचं विष मुळाच्या टोकातून झिरपतं, तिथलं हाड हळूहळू विरघळतं. कुणाच्या हिरडीवर पुळी येते, फुटते, खारट पाणी येतं, परत भरते. दुखत नाही म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. ती पुळी म्हणजे आतल्या पुवाला मिळालेली मोरी. मोरी चालू आहे तोवर शांतता, ती बुजली की एका रात्रीत गाल भोपळ्यासारखा. एक्स-रेत मुळाच्या टोकाला काळी सावली दिसते ती या विरघळलेल्या हाडाची. पण हाड बरंच गेल्याशिवाय सावली दिसत नाही, तेव्हा एक्स-रे स्वच्छ आहे म्हणून दाढ स्वच्छ आहे असं होत नाही. म्हणूनच दंतवैद्य बर्फासारखा थंड बोळा लावून, आरशाच्या दांडीने टिचकी मारून बघतात आणि शेजारच्या चांगल्या दाताशी तुलना करतात. ही तपासणी न करता नुसत्या बोट दाखवण्यावर दाढ उघडू देऊ नका. नसेचं दुखणं जागा चुकवतं: खालच्या दाढेची कळ कानात जाते आणि लोक कानात कोमट तेल घालत बसतात, वरच्या दाढेचं दुखणं कधी खालच्या दाढेत वाटतं.

आता "नस मारली का दाढ सडते". तुमची नस मेलेलीच आहे, ती कुणी मारायची राहिली नाही. रूट कॅनॉल म्हणजे मेलेला कुजका गाभा बाहेर काढून ती जागा जंतू शिरणार नाहीत अशी बंद करणं. दाढ हाडात ज्या तंतूंनी धरलेली असते ते तंतू बाहेरून जिवंत राहतात, म्हणून पुढे भाकर चावताना दाब कळतो. या समजुतीत दोन गोष्टी मात्र खऱ्या आहेत. नस नसलेल्या दाढेला पुन्हा कीड लागली तर ती ठणकून सांगत नाही. आणि किडीने व उपचाराने पोकळ झालेली दाढ तडकते. "सडली" म्हणतात त्या बहुतेक दाढा कॅप न लावल्यामुळे फुटलेल्या किंवा अर्धवट सोडलेल्या असतात. पूर्वी नस मारायला आर्सेनिकचा लेप दाढेत ठेवायचे. तो झिरपला तर हिरडी आणि हाड दोन्ही जळायचं. आजही कुणी "नस मारायचं औषध" ठेवून आठवड्याने बोलावलं तर ठरल्या दिवशी जायलाच हवं, नाहीतर त्या वाटेला जाऊ नये.

वरची दाढ काढली की नजर कमी होते ही आणखी एक भीती. डोळ्याने दिसण्याची नस वेगळी, दातांची वेगळी. त्यांचा संबंध नाही.

मग उपटूनच का टाकू नये? काही दाढा उपटाव्याच लागतात, आणि दंतवैद्याने तसं सांगितलं तर त्यात त्यांचा आळस नसतो. मुळापर्यंत उभी तडा गेली असेल, दाढ हलत असेल आणि हाड अर्ध्याच्या वर गेलं असेल, अक्कलदाढ असेल, तर काढलेली बरी. चौथं कारण लोकांना माहीत नसतं, म्हणून जरा नीट सांगतो. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव बसवतात. धाव चाकाला बाहेरून आवळून धरते म्हणून आरे फाकत नाहीत. कॅपचं काम तेच. पण धाव बसायला लाकूड तर हवं! हिरडीच्या वर चहूबाजूंनी किमान दीड ते दोन मिलिमीटर पक्का दात उरला असेल तरच कॅप त्याला आवळू शकते. किडीने दाढ हिरडीच्या खालपर्यंत खाल्ली असेल तर आतल्या नळ्या (गाभ्याच्या पोकळीचे मुळांत उतरलेले बारीक रस्ते) कितीही सुंदर भरा, वरचं काम वर्ष-दोन वर्षांत निखळतं. म्हणून दंतवैद्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच: कीड काढल्यावर कॅप धरायला दात उरतो का? उत्तर नाही असेल तर रूट कॅनॉलवर पैसे घालू नका.

उत्तर हो असेल तर ४२ व्या वर्षी खालची पहिली दाढ काढणं महागात पडतं. मागची दाढ त्या खळग्यात कलते, वरची दाढ समोर टेकायला काही नाही म्हणून खाली उतरते, मधे अन्न अडकतं आणि कीड नव्या दाताला लागते. चावणं एकाच बाजूने सुरू होतं.

आता प्रत्यक्ष काय करतात ते. आधी भूल. लिग्नोकेन २ टक्के, सोबत रक्तवाहिन्या आकुंचन करणारं अ‍ॅड्रेनलिन. खालच्या दाढेसाठी सुई जबड्याच्या आत मागच्या बाजूला देतात. ओठाची आणि जिभेची ती बाजू दोन-चार तास बधिर राहते. मेलेल्या नसेला हे सहज पुरतं. ऐन ठणक्यात असलेल्या खालच्या दाढेला मात्र कधीकधी पुरत नाही: सुजलेल्या जागी आम्लता वाढलेली असते आणि तिथे भुलीचं औषध कमी चढतं. ओठ पूर्ण बधिर आणि दाढेत तरी कळ, असं झालं तर डॉक्टर चुकले असं नाही. डावा हात वर करा, ते दाढेशेजारी किंवा थेट नसेत आणखी औषध देतात. थेट नसेत देतात तेव्हा क्षणभर जबर कळ येते, मग शांत. ओठ बधिर असताना जेवू नका, गाल चावून निघतो आणि कळतसुद्धा नाही. लहान मुलांवर तर तेवढा वेळ लक्षच ठेवावं लागतं.

मग दाढेवर रबराचा पातळ पडदा ताणून बसवतात, रबर डॅम. अमेरिकेतल्या सॅनफोर्ड बार्नम या दंतवैद्याने तो १८६४ मध्ये काढला, म्हणजे नवलाची वस्तू नव्हे. त्याने लाळ आत जात नाही, नळ्या साफ करायची बारीक सुई निसटली तर घशात जात नाही, औषध जिभेवर पडत नाही. तालुक्याच्या ठिकाणी सगळीकडे तो वापरतात असं नाही. पण विचारा, विचारणारा पेशंट असला की खणातला डॅम बाहेर येतो.

दाढ वरून उघडून नळ्या शोधतात. खालच्या पहिल्या दाढेला मुळं दोन, नळ्या बहुतेक तीन, कधी चार. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन, पण पुढच्या गालाकडच्या मुळात बरेचदा दुसरी बारीक नळी लपलेली असते. ती सुटली की दाढ वर्षभराने पुन्हा बोलते. वरच्या पुढच्या दाताला एकच नळी, म्हणून तिथे खेपा कमी लागतात.

नळी साफ करायची सुई म्हणजे फाइल. दहा नंबरच्या फाइलचं टोक ०.१० मिलिमीटर, पंचवीस नंबरची लाल दांडीची फाइल टोकाला ०.२५ मिलिमीटर. तिच्यावर रबराची एक टिकली सरकवलेली असते. फाइल नळीच्या टोकापर्यंत गेली की टिकली दाताला टेकते, बाहेर काढून पट्टीवर मोजतात: समजा वीस मिलिमीटर. हे माप हा सगळ्या कामाचा कणा आहे. टोक कळावं म्हणून ओठाला एक आकडा लावून अ‍ॅपेक्स लोकेटर नावाचं यंत्र जोडतात. टोक जवळ आलं की ते टूं-टूं वाजतं. मग एक्स-रे काढून खात्री करतात. मुळाच्या टोकाच्या अर्धा ते एक मिलिमीटर अलीकडे थांबायचं असतं. फार अलीकडे थांबलं तर घाण आत उरते, पुढे गेलं तर फाइल हाडात टोचते आणि दोन दिवस दाढ टेकवत नाही.

फाइल फक्त वाट रुंद करते. नळीला बाजूला फाटे, कंगोरे असतात, तिथे कुठलीच सुई पोचत नाही. तिथे औषधच जातं. हे औषध सोडियम हायपोक्लोराइट, ग्रामपंचायत विहिरीत टाकते त्या ब्लीचिंग पावडरच्याच कुळातलं, साधारण ३ ते ५ टक्के. ते कुजलेला मांसल भाग विरघळवतं आणि जंतू मारतं. पिचकारीची सुई नळीत अडकवून न धरता, हलवत, हळूहळू सोडायचं असतं. जोराने दाबलं आणि मुळाबाहेर गेलं तर तत्क्षणी भाजल्यासारखी कळ, काही मिनिटांत गालाला सूज, दुसऱ्या दिवशी निळंकाळं. क्वचित होतं, बहुतेक वेळा आठवडा-दोन आठवड्यांत उतरतं. पण अशी कळ आली तर लाजून गप्प बसू नका. शेवटी नळीच्या भिंतीवरचा चुऱ्याचा थर काढणारं इडीटीए हे औषध, १७ टक्के, मग पुन्हा धुणं, आणि कागदाच्या बारीक काड्यांनी नळ्या कोरड्या करणं. या धुण्याला वेळ लागतो. तीन नळ्यांची दाढ पंधरा मिनिटांत उरकली असेल तर धुणं नीट झालेलं नाही.

पू असेल, नळी कोरडी होत नसेल, तर आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून एक-दोन आठवडे ठेवतात. खर्र्यात घालतात तो चुना रसायन म्हणून हेच, फक्त शुद्ध. (तोंडातला चुना गाल जाळतो, नळीतला जंतू मारतो. जागेचा फरक.) पू नसेल तर हे न ठेवता एकाच बैठकीत नळ्या भरणंही योग्यच असतं. शेवटी रबरासारखी गटापर्चाची काडी आणि सिमेंट यांनी नळ्या टोकापर्यंत भरतात. भरल्यानंतरचा एक्स-रे मागून घ्या. त्यात पांढऱ्या रेघा मुळाच्या टोकाच्या अगदी जवळ, सलग, मधे काळी फट नाही, अशा दिसायला हव्यात. रेघ मुळाच्या अर्ध्यातच थांबलेली असेल तर का थांबली ते विचारा. कधी नळी खरोखर बुजलेली असते, पण ते तुम्हाला आधी सांगितलेलं असायला हवं.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे आपल्या भागात सगळ्यात जास्त रूट कॅनॉल वाया जातात. दोन खेपांच्या मधे दाढेच्या तोंडावर जे पांढरं मऊ भरण लावतात ते तात्पुरतं असतं. ते लाळेतल्या पाण्याने घट्ट होतं, म्हणून पहिला तासभर त्यावर चावायचं नाही. जंतू अडवायला त्याची जाडी साडेतीन-चार मिलिमीटर लागते. तरीही ते काही आठवड्यांचंच. रोज झिजतं, कडेने फट पडते. फटीतून लाळ गेली की धुतलेल्या नळ्यांत जंतू परत. जिभेला खळगा लागला, भरण आत बसल्यासारखं वाटलं, भाकरीचा कण अडकू लागला, तर त्याच आठवड्यात जाऊन भरण बदलून घ्या. पाच मिनिटांचं काम. पण होतं काय, पहिल्या खेपेत ठणका थांबतो, मग पेरणी, मग डवरणी, मग फवारणी, मग सोयाबीन काढणी, मग कापूस वेचणी. माणूस उलंगवाडीला, म्हणजे कापसाचा हंगाम संपल्यावर, परत येतो तेव्हा भरण कधीच पडलेलं असतं आणि दाढ हिरडीपर्यंत खाल्लेली. मग दंतवैद्य म्हणतात काढावी लागेल, आणि गावात नाव होतं की रूट कॅनॉल केलं तरी दाढ गेली.

कॅपचंही तसंच. नळ्या भरल्या की दुखणं शून्य, म्हणून कॅप "नंतर पाहू". मागच्या दाढेवर चावण्याचा जोर फार मोठा असतो. कॅपशिवायची पोकळ दाढ एखाद्या दिवशी फुटाणे खाताना उभी दुभंगते. मुळातून दुभंगली तर दुरुस्ती नाही. नळ्या भरल्यापासून महिन्याभरात कॅप बसवावी. कॅपसाठी दाढ चहूबाजूंनी आणि वरून कोरतात, वरून दीड-दोन मिलिमीटर. नुसत्या धातूची कॅप पातळ आणि चिवट, मागच्या दाढेला उत्तम आणि स्वस्त. रंग चांदीसारखा, एवढाच दोष. चिनी मातीचा थर दिलेली धातूची कॅप दिसायला बरी, पण खर्रा-सुपारी चघळणाऱ्याच्या तोंडात तिचा थर टवका होऊन उडतो. झिर्कोनिया मजबूत आणि पांढरी, पण महाग. पैसे कमी असतील तर धातूची लावा, पण लावा. पुढच्या दाताचा बराच भाग शाबूत असेल तर कॅप लागतेच असं नाही.

नीट केलेल्या, नीट बंद केलेल्या दाढा दहापैकी साधारण नऊ टिकतात. उरलेल्या बिघडतात त्या सुटलेल्या नळीमुळे, वरून झिरपल्यामुळे, तडा गेल्यामुळे. कधी फाइल नळीत तुटते. वाकड्या नळीत ती पुन्हा पुन्हा वापरली की धातू थकतो. तुटलेला तुकडा म्हणजे दाढ गेली असं नाही. नळी तोवर किती साफ झाली होती त्यावर सगळं अवलंबून. टोकाशी तुटली आणि साफसफाई झालेली असेल तर तो तुकडा आत ठेवूनही दाढ वर्षानुवर्षं चालते. तुकड्याची गोष्ट तुम्हाला सांगणं हे मात्र डॉक्टरांचं कर्तव्य आहे. बिघडलेलं रूट कॅनॉल बरेचदा पुन्हा करता येतं. जुनं गटापर्चा काढून परत धुवून भरतात.

खेपेनंतर दोन-तीन दिवस दाढ टेकवली की दुखते, ठेचाळलेल्या बोटासारखी. ते चालतं. वाढत जाणारं दुखणं किंवा गालावर सूज आली तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता जा. बाहेरून गरम वाळूचा किंवा विटेचा शेक देऊ नका, पू बाहेरच्या बाजूला ओढला जाऊन गाल फुटतो. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालतात. आणि सूज डोळ्याखाली चढली, जबड्याखाली किंवा गळ्यापर्यंत उतरली, तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना, जीभ वर उचलल्यासारखी वाटली, तर दवाखाना उघडायची वाट पाहू नका. १०८ बोलवा आणि त्याच रात्री जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेज गाठा. श्वासाचा रस्ता बंद होऊ शकतो.

खर्र्याबद्दल उपदेश इथे करत नाही, पण तुमच्या दाढेशी त्याचा थेट संबंध आहे. सुपारीने दाढा वरून झिजतात. झीज सुरू झाली की दात आतून नवं डेंटिन टाकून पोकळी लहान करत जातो, त्यामुळे खर्रा खाणाऱ्याच्या नळ्या केसासारख्या बारीक असतात, सापडायला वेळ लागतो. तुमची खेप लांबली तर कारण हे असू शकतं. दुसरं, तोंड उघडणं. तुमच्याच हाताची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. तीन गेली तर ठीक. दोनच जात असतील, तिखट लागत असेल, गाल आतून चामड्यासारखा पांढरट वाटत असेल, तर सुपारीने गाल आखडायला लागला आहे, आणि तो बदल पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो. ते आधी दाखवा. आखूड फाइलच एकवीस मिलिमीटर, वर यंत्राचं डोकं. दोन बोटांच्या तोंडात ती मागच्या दाढेवर उभी करताच येत नाही. अशा वेळी काढणं हाच पर्याय उरतो, आणि पुढे तोंड आणखी आखडलं तर काढणंसुद्धा अवघड.

पांढरकवडा, झरी-जामणी, वणी या भागात पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दातांवर पिवळे-तपकिरी डाग असतात. डाग म्हणजे कीड नव्हे. नुसत्या डागांसाठी कुणी रूट कॅनॉल सांगत असेल तर दुसऱ्या ठिकाणी दाखवा.

घरात कुणाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर आधी सांगा. या आजारात कीड नसतानाही दाताची नस मरू शकते, आणि दाताच्या संसर्गामुळे सिकलसेलचं दुखणं उफाळू शकतं. म्हणून संसर्ग लवकर काढावा, भरपूर पाणी पिऊन जावं, उन्हातान्हात उपाशी चार तास प्रवास करून खुर्चीत बसू नये. मधुमेह असेल तर रोजची गोळी आणि नाश्ता करून सकाळची वेळ घ्या. साखर वाढलेली असली की मुळाशी हाड भरायला वेळ लागतो. रक्त पातळ करणारं औषध हृदयाच्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. रूट कॅनॉलसाठी ते बहुतेक वेळा बंद करावं लागतच नाही. गर्भारपणात चौथा ते सहावा महिना सोयीचा, पण पू असेल तर कोणत्याही महिन्यात पू काढावाच लागतो. आणि पोराला सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे येणारी दाढ ही कायमची असते. "दुधाची आहे, पडेल" म्हणून ती किडू देऊ नका.

दर गावागावात वेगळे, म्हणून आकडा सांगत नाही. विचारताना मात्र तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहून मागा: नळ्यांचं काम, त्यावरचं पक्कं भरण, आणि कॅप. "रूट कॅनॉल एवढ्यात" म्हणताना अनेकदा कॅप धरलेली नसते. खर्च झेपत नसेल तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय, वर्ध्याजवळ सावंगी मेघे इथलं दंत महाविद्यालय, अमरावतीचं दंत महाविद्यालय इथे कमी पैशात होतं. खेपा जास्त लागतात, रांग असते, पण विद्यार्थ्याच्या हातावर शिक्षकाची नजर असते. बाजारात पेटी घेऊन बसून दात बसवणाऱ्याकडे नसेचं काम करून घेऊ नका. दातांवर उपचार करायला कायद्याने दंतवैद्य म्हणून नोंदणी लागते, तिचा क्रमांक भिंतीवर असतो.

तुमच्यापुरतं सांगायचं तर दिवाळीपर्यंत थांबू नका. पेरणीला दोन आठवडे असतील तर पहिल्याच दिवशी सांगा की मी लांबून येतो, एसटीच्या दोन खेपांत नळ्या भरून वरचं पक्कं भरण करून द्या. कॅपचं माप डवरणीच्या मधे एखाद्या पावसाच्या दिवशी. एकच खेप जमत असेल आणि आत पू असेल तर साध्या पांढऱ्या भरणाऐवजी ग्लास आयोनोमर सिमेंटचा जाड थर मागा. तो जास्त टिकतो, तरी महिन्याभरात परत जायचंच. पहिला एक्स-रे फिल्मवर असेल तर गोठ्याच्या आढ्याला खोचून ठेवू नका, दमटपणाने चिकटतो. कोरड्या पाकिटात घालून प्रत्येक खेपेला सोबत न्या.